जुना अ‍ॅम्प्लिफायर आज घरात आणावा का?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकांचा आहे. लंडनला स्थायिक झालेले त्यांचे मामा क्वाड कंपनीचा आपला जुना संच, म्हणजे ३३ हा प्रीअ‍ॅम्प्लिफायर (इनपुट निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा) आणि ३०३ हा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकर चालवणारा), त्यांना देऊ करत आहेत. मुंबईतील एका विक्रेत्याकडे सोनीचा १९७०च्या दशकातला व्ही-फेट (एका खास जातीच्या ट्रान्झिस्टरवरचा) अ‍ॅम्प्लिफायर दिसायला अगदी नव्यासारखा आहे. मित्रमंडळींचे म्हणणे असे की, या भानगडीत न पडता एखादा नवा क्लास-डी (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मोकळे व्हावे. इतकी जुनी यंत्रे आजच्या मानाने खरोखर चांगली वाजतात का, वाजली तरी टिकतील का आणि या तिन्हींपैकी काय निवडावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की मामांचा संच अवश्य आणावा आणि व्ही-फेटचा मोह सोडावा. व्ही-फेटचा आवाज वाईट असतो म्हणून मी हे सांगत नाही. सुस्थितीतला व्ही-फेट फार सुरेख वाजतो. मात्र ३०३ मधील जवळजवळ कोणताही भाग उद्या गेला तरी त्याच्या जागी आजच्या बाजारातला सर्वसाधारण भाग बसवता येतो, आणि व्ही-फेटमधील सर्वांत महत्त्वाचा भाग बनणे बंद होऊन कित्येक दशके लोटली आहेत. जुना अ‍ॅम्प्लिफायर निवडताना मी नाव, रूप आणि ख्याती यांच्याआधी हीच एक गोष्ट पाहतो: आत जे जे बिघडू शकते त्याला आज पर्याय मिळतो का, आणि सर्किट डायग्राम उपलब्ध आहे का.

आवाजाचा मुद्दा आधी मिटवतो. क्वाडने १९७८ मध्ये जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञांकडून आपल्याच तीन अ‍ॅम्प्लिफायरांची तुलनात्मक श्रवणचाचणी करून घेतली. त्यांत १९५३ चा १५ वॅटचा व्हॉल्व्हवाला (काचेच्या निर्वात नळ्यांचा) क्वाड टू, १९६७ चा ४५ वॅटचा ३०३ आणि १९७५ चा १०० वॅटचा ४०५ होता. तिघांची जातकुळी पूर्णपणे वेगळी, तरीही कोणता वाजतो आहे हे श्रोत्यांना खात्रीने ओळखता आले नाही. ध्वनिपातळी काटेकोर सारखी ठेवली आणि कोणत्याही यंत्राला त्याच्या कुवतीपलीकडे ढकलले नाही, तर असेच घडते, असा माझाही टेबलावरचा अनुभव आहे. आजचा चांगला क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर मोजमापात ३०३ च्या पुढे जातो यात वाद नाही. पण ३०३ चे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, मुळातच कानाला जाणवेल त्याच्या खाली असल्यामुळे त्या आघाडीचा बराचसा भाग कागदावरच राहतो. राहिला प्रश्न वॅटचा. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देत असेल, तर ४५ वॅटला तो सुमारे १०३.५ डेसिबल देतो आणि १०० वॅटला १०७. वॅट दुपटीहून जास्त वाढवून हाती आलेला फरक साडेतीन डेसिबलचा. फ्लॅटच्या हॉलमध्ये १०३ डेसिबल म्हणजे शेजाऱ्यांनी दार ठोठावण्याची पातळी होय.

जुन्या यंत्रात नेमके काय म्हातारे होते, हे कळले की निम्मी धास्ती कमी होते. मेन्स ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि धातूच्या टोपीतले मोठे ट्रान्झिस्टर यांना नुसत्या वयाने सहसा काही होत नाही. थकतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, कारण त्यांच्यातील द्रव वर्षानुवर्षे वाळत जातो. ८५ अंशांवर २,००० तास चालेल अशी हमी असलेला साधा कंडेन्सर प्रत्यक्षात ४५ अंशांवर राबत असेल, तर दर १० अंशांच्या घटीमागे आयुष्य दुप्पट या ठोकताळ्याने तो ३२,००० तास चालतो. रोज चार तास गाणी लावणाऱ्या घरात हे सुमारे २२ वर्षांचे काम झाले. त्यामुळे १९७०च्या दशकातल्या यंत्राचे कंडेन्सर आजवर कोणी बदलले नसतील, तर आवाज सध्या ठीक असला तरी ते बदलण्याचा खर्च खरेदीच्या किमतीत धरूनच सौदा करावा. कंडेन्सरच्या पाठोपाठ प्रीसेट (जुळवणीचे छोटे फिरते रेझिस्टन्स), रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट, स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोलचा कार्बन यांचा नंबर लागतो. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या यंत्रात हे सारे दहा वर्षे आधीच घडते, आणि कव्हर उघडल्यावर आत पालीची अंडी निघण्याची तयारीही ठेवावी लागते.

आता ३०३. पीटर वॉकर यांच्या हंटिंग्डन येथील कंपनीने तो १९६७ मध्ये आणला आणि १९८५ पर्यंत बनवला. त्या काळी ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर पटकन उडतात अशी त्यांची कुप्रसिद्धी होती आणि वॉकर यांनी ती मनावर घेतलेली दिसते. आउटपुटच्या प्रत्येक बाजूला एकेका ट्रान्झिस्टरऐवजी तीन ट्रान्झिस्टरांचा गट बसवून त्यांनी त्या गटाच्या आतच फीडबॅक दिला, म्हणजे आउटपुटचा अंश चूक सुधारण्यासाठी परत इनपुटला आणला, त्यामुळे मोठे ट्रान्झिस्टर तापले तरी बायस (ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारी जुळवणी) ढळत नाही. संपूर्ण यंत्राला ६७ व्होल्टचा रेग्युलेटेड, म्हणजे मेन्स हलले तरी स्थिर राहणारा, सप्लाय आहे. मेन्सचे व्होल्टेज संध्याकाळी कमीजास्त होणाऱ्या आपल्याकडच्या गावांत ही सोय फार मोलाची ठरते. स्पीकरकडे जाणारी वाट एका मोठ्या कंडेन्सरमधून जाते. पुढे ही पद्धत जुनाट म्हणून मागे पडली, पण तिचा एक फायदा असा की आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) स्पीकरपर्यंत पोहोचत नाही आणि महागडा वूफर वाचतो.

३०३ ची दुरुस्ती करताना मी सर्व इलेक्ट्रोलिटिक आणि सर्व प्रीसेट एकदमच बदलतो, मग रेग्युलेटरचा प्रीसेट फिरवून ६७ व्होल्ट लावतो, प्रत्येक चॅनलच्या मधल्या बिंदूचे व्होल्टेज या ६७ च्या साधारण निम्म्यावर आणतो आणि शेवटी स्थिर प्रवाह (गाणे वाजत नसतानाही वाहणारा) बसवतो. क्रम बदलला तर आधी केलेली जुळवणी बिघडते, म्हणून हा क्रम मोडू नये. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हे यंत्र ८ आणि १६ ओहमच्या स्पीकरांच्या काळातले आहे. ४ ओहमच्या आधुनिक स्पीकरवर त्याची शक्ती वाढण्याऐवजी घटते. आपले स्पीकर ४ ओहमचे असतील, तर मोठ्या आवाजाची अपेक्षा ३०३ कडून करू नये.

त्याच घराण्यातला ४०५ हा माझ्या मते आजवरच्या सर्वांत कल्पक अ‍ॅम्प्लिफायरांपैकी एक आहे. वॉकर आणि मायकेल अल्बिन्सन यांनी १९७५ मध्ये मांडलेली करंट डंपिंगची कल्पना अशी: एक छोटा, अचूक क्लास-ए (ज्यातले ट्रान्झिस्टर कधीही बंद होत नाहीत असा) अ‍ॅम्प्लिफायर सूक्ष्म काम करतो आणि बायसच न दिलेले दोन दांडगे ट्रान्झिस्टर फक्त प्रवाहाचा भार वाहतात. बायस नसलेल्या ट्रान्झिस्टरांनी खरे तर सिग्नलच्या मध्यावर भयंकर डिस्टॉर्शन निर्माण करायला हवे; ते होत नाही, कारण चार भागांचा एक समतोल पूल ती चूक भरून काढतो. त्यात ४७ ओहम आणि ५०० ओहमचे रेझिस्टन्स, १२० पिकोफॅरडचा कंडेन्सर आणि सुमारे ३ मायक्रोहेन्रीचे एक कॉइल आहे. दोन्ही रेझिस्टन्स आणि कंडेन्सर यांचा गुणाकार केला की २.८२ मायक्रोहेन्री येते, म्हणजे पूल तोलात आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ४०५ मध्ये स्थिर प्रवाहाचा प्रीसेटच नाही, आणि जे नाही ते ढळतही नाही. हे भार वाहणारे डंपर ट्रान्झिस्टर गेले तर बाजारातले दणकट एनपीएन जातीचे ट्रान्झिस्टर बसवून काम भागते, जोड्या जुळवत बसावे लागत नाही. मूळ ४०५ ची प्रवाहमर्यादा अवघड स्पीकरवर लवकर आड येते. १९८२ च्या ४०५-२ मध्ये ती सुधारली, म्हणून निवड करता येत असेल तर ४०५-२ घ्यावा.

कमी पैशांत जुने यंत्र हवे असेल, तर एनएडी ३०२० पाहावा. एरिक एडवर्ड्सन यांची १९७८ ची रचना, कागदावर फक्त २० वॅट. पण सप्लाय आणि आउटपुट ट्रान्झिस्टर इतके सढळ की क्षणिक ठोक्यांना तो त्याच्या कितीतरी पट शक्ती देतो आणि अवघड स्पीकरवर हात टेकत नाही. आउटपुटला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर आणि त्याची पीएनपी जोडी एमजे२९५५ आहे, जी पुण्यातल्या पासोड्या विठोबापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत कुठेही मिळते. बाह्यरूप मात्र स्वस्तातले आहे आणि बटणे निघून हातात येतात. एका चॅनलचा आवाज मधूनच जात असेल, तर आत हात घालण्याआधी मागच्या बाजूला प्री आणि पॉवर भागांना जोडणाऱ्या धातूच्या यू आकाराच्या पट्ट्या काढून घासून पुसाव्यात. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

जपानी रिसीव्हर (रेडिओसह अ‍ॅम्प्लिफायर) आणि इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर एकाच डब्यात असलेले) अ‍ॅम्प्लिफायर यांचा सुवर्णकाळ एका अमेरिकी नियमाने घडवला, हे फारसे कोणी सांगत नाही. वॅटचे वाटेल ते आकडे छापण्याला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये असा नियम लागू केला की, जाहिरातीतली शक्ती सांगण्यापूर्वी यंत्र एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवून तापवावे. क्लास-बी जातीचा (सिग्नलचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर वाहतात असा) अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर, त्यामुळे एक तृतीयांशाची ही अट उत्पादकांना चांगलीच झोंबली. त्यांना भलेमोठे हीटसिंक आणि अवजड ट्रान्सफॉर्मर घालणे भाग पडले, आणि १९७६ च्या १६० वॅटच्या पायोनियर एसएक्स-१२५० सारखी यंत्रे जन्माला आली. या पिढीतली पायोनियर, मरांट्झ, सान्सुई, यामाहा यांची यंत्रे घरगुती वापरात कधी पूर्ण ताकदीने चालवलीच जात नसल्याने त्यांचे मोठे भाग आजही ठणठणीत असतात.

त्यांची दुखणी ठरलेली आहेत. गाणे हळू लावले की एक चॅनल मुका होतो आणि आवाज वाढवला की खाड्कन परत येतो, ही स्पीकर रिलेचे काँटॅक्ट काळवंडल्याची खूण आहे. रिले घासत बसण्यापेक्षा नवा बसवावा. एका चॅनलमध्ये तव्यावर तडतडल्यासारखा बारीक आवाज व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येत असेल, तर जुन्या लहान ट्रान्झिस्टरांवर संशय घ्यावा. हिताचीचा २एससी४५८ त्यासाठी बदनाम आहे, आणि त्याचे काळे पडलेले पाय भिंगातून स्पष्ट दिसतात. कंडेन्सर हलू नयेत म्हणून कारखान्यात बोर्डावर लावलेला गोंद वर्षांनी तपकिरी होतो, शेजारच्या तारा आणि पाय खातो आणि पुढे चक्क वीज वाहू लागतो. तो खरवडून काढणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून केलेली दुरुस्ती पुन्हा टेबलावर येते.

व्हॉल्व्हच्या यंत्रांवर वेगळा लेख होईल, म्हणून येथे एकाच यंत्राबद्दल लिहितो. डेव्हिड हाफलर यांच्या डायनाको कंपनीचा १९५९ चा स्टीरिओ ७० हा घरी जोडण्याच्या किटच्या रूपानेही विकला जात असे, आणि घरी जोडता येणारे यंत्र घरी दुरुस्तही होते. दर चॅनलला ईएल३४ या व्हॉल्व्हची जोडी आणि ३५ वॅट. ईएल३४ आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. बायस लावण्यासाठी १५.६ ओहमच्या रेझिस्टन्सवर १.५६ व्होल्ट आणायचे असतात, म्हणजे जोडीतून १०० मिलिअ‍ॅम्पिअर वाहतात. ताज्या पेन्सिल सेलचे व्होल्टेजही जवळपास तेवढेच असल्याने आपला मीटर खरे बोलतो की नाही, ते हातासरशी पडताळता येते. पुढच्या टप्प्यातला ७१९९ हा व्हॉल्व्ह मात्र दुर्मीळ झाला आहे, म्हणून बहुतेक जण बदली बोर्ड बसवतात आणि त्यात काही वावगे नाही. मॅकिंटॉशचा १९६१ चा एमसी२७५ याहून थोर खरा, पण त्याच्या किमतीत चांगले स्पीकर येतात आणि माझा कौल स्पीकरांना आहे. अशा यंत्रात ४०० व्होल्टच्या वरचा डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो काही काळ कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. ज्यांना याची सवय नाही त्यांनी कव्हर उघडू नये.

आता त्या व्ही-फेटकडे वळतो. जपानी शास्त्रज्ञ जुन-इची निशिझावा यांच्या संशोधनातून आलेला हा भाग १९७४ च्या सुमारास यामाहाच्या बी-१ मध्ये आणि सोनीच्या टीए-५६५० व तिच्या भावंडांत वापरला गेला. त्याचा स्वभाव व्हॉल्व्हसारखा आहे: गेटला (त्याच्या नियंत्रणाच्या टोकाला) उलट बायस मिळाला नाही की तो पूर्ण उघडा राहतो आणि सगळा सप्लाय त्याच्यातून धावतो. बायसच्या सर्किटमधला एखादा किरकोळ जुना डायोड वा प्रीसेट जातो आणि त्याच क्षणी सोनीचे २एसके६० आणि २एसजे१८ हे आउटपुटचे भाग निकामी होतात. मग ते मिळवायचे कुठून, तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून. विक्रेत्याने यंत्र वाजवून दाखवले याचा अर्थ ते आज वाजते एवढाच आहे. संग्राहकाने ते जरूर घ्यावे. घरात एकच अ‍ॅम्प्लिफायर ठेवू इच्छिणाऱ्याने घेऊ नये. हाच नियम मी सान्योच्या एसटीके मॉड्यूलवरच्या (आउटपुटचे सर्किट एकाच बंद तुकड्यात असलेल्या) यंत्रांनाही लावतो, कारण अस्सल मॉड्यूल आता सापडत नाहीत आणि बाजारात मिळतात त्यांतले बहुतेक नकली असतात. नकलीचा हा रोग ट्रान्झिस्टरांनाही लागलेला आहे, म्हणून रस्त्यावरून स्वस्तात घेण्यापेक्षा अधिकृत वितरकाकडूनच मागवावेत.

परदेशातून येणाऱ्या यंत्रांचा घात वीज करते. जपानच्या देशी बाजारासाठीचे यंत्र १०० व्होल्टचे असते, अमेरिकेचे १२० व्होल्टचे. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावले की धूर निघायला दोन सेकंद पुरतात. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या गरजेच्या किमान दीडपट व्हीए (व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर) क्षमतेचा असावा. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी काटकसरीने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि गुरगुरतो, म्हणून मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ असे छापलेले आहे का, ते पाहूनच पैसे द्यावेत. इंग्लंडच्या यंत्रांना ही अडचण नाही. आपल्याकडे व्होल्टेज कधीकधी २५० पर्यंत चढते, म्हणून जिथे २२० आणि २४० असे दोन पर्याय असतील तिथे सिलेक्टर २४० वरच ठेवावा.

मामांचा संच हाती आला की तो लगेच लावून पाहण्याचा उतावळेपणा करू नये. कित्येक वर्षे बंद पडलेल्या यंत्राला पहिली वीज सिरीज बोर्डातून द्यावी, म्हणजे ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब यंत्राशी सिरीजमध्ये येईल असे पाहावे. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तेजाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून ताबडतोब बंद करावे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. डिमरस्टॅट (मेन्सचे व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर बल्बच्या जोडीने व्होल्टेज हळूहळू चढवावे. त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी मोजावा. ३०३ मध्ये आउटपुट कंडेन्सर असल्याने तो सुरुवातीला थोडा दिसून शून्याकडे उतरतो. थेट जोडणीच्या इतर यंत्रांत ५० मिलिव्होल्टपर्यंतचा आकडा मी मान्य करतो. पहिल्या दिवशी एखादा जुना, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा स्पीकर जोडावा.

३३ हा या जोडीतला कच्चा दुवा आहे. दिसायला तो देखणा आहे आणि त्याचे ट्रेबल फिल्टर जुन्या खरखरीत रेकॉर्डसाठी आजही उपयोगी पडतात, पण त्याची हिस्स (मागे सतत येणारी सस्स) आजच्या मानाने जास्त आहे. मागून सरकवून बसवायचे त्याचे छोटे बोर्ड काढून काँटॅक्ट साफ केले की बऱ्याच कुरबुरी थांबतात. दुसरी गोष्ट पातळीची. त्याच्या रेडिओ इनपुटला १०० मिलिव्होल्ट पुरतात आणि आजचा डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारे यंत्र) किंवा सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, म्हणजे वीसपट. परिणामी व्हॉल्यूमचा खटका जेमतेम हलवला की घर दणाणते आणि उरलेला सगळा फेरा वाया जातो. यावर स्वस्त तोड अशी की डिन प्लगच्या (जुन्या पद्धतीच्या गोल, अनेक पिनांच्या प्लगच्या) आतच प्रत्येक चॅनलला २२ किलोओहम सिरीजमध्ये आणि २.२ किलोओहम ग्राउंडला जोडावा. २ व्होल्टचे सुमारे १८० मिलिव्होल्ट होतात आणि व्हॉल्यूम कंट्रोल माणसात येतो. आपण रेकॉर्ड ऐकत नसाल आणि डॅकलाच व्हॉल्यूम कंट्रोल असेल, तर ३३ शोभेला ठेवून डॅक सरळ ३०३ ला जोडावा. त्याला पूर्ण शक्तीसाठी अर्धा व्होल्ट लागतो, म्हणून डॅकचा आवाज पहिल्यांदा अगदी तळाशी ठेवूनच सुरुवात करावी.